डोक्याला मार बसलेला सैनिक आणि शासनाची पुनर्वसन सेवा : सोलापुरातून एक परीक्षण

माजी सैनिकांसाठी शासनाने जी वैद्यकीय आणि पुनर्वसनाची व्यवस्था उभी केली आहे, तिचे हे परीक्षण मी एकाच बाजूने करीत आहे, आणि ती बाजू म्हणजे मेंदूला इजा होऊन घरी परतलेला सैनिक. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही घरात दादा म्हणतो, सैन्यात हवालदार होते. सीमेलगतच्या डोंगरी रस्त्यावर ड्यूटीवर असताना गाडी दरीत गेली, त्यात त्यांच्या डोक्याला जबर मार बसला आणि पुढे लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाने त्यांना सेवेतून मुक्त केले. तेव्हापासून ते, वहिनी, मुले आणि आम्ही सोलापूर शहरातल्या ‘जुळे सोलापूर’ या भागात एकत्र राहतो. या काळात सरकारी व्यवस्थेचा जो भाग आमच्या वाट्याला आला त्याबद्दल माझे मत असे आहे, की जीव वाचवणे, शस्त्रक्रिया, औषधे आणि पेन्शन या बाबतींत ही सेवा विश्वास ठेवावा अशी आहे. पण त्या माणसाला पुन्हा घरात, गल्लीत आणि चार माणसांत वावरता यावे यासाठी जी मदत लागते, ती सोलापूरपर्यंत येतच नाही. आणि मेंदूच्या इजेत खरी गरज असते ती याच मदतीची.

आधी जे चांगले आहे ते मोकळ्या मनाने लिहितो. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे आपण सगळे जिला ईसीएचएस म्हणतो ती, १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची, स्मार्ट कार्ड घ्यायचे, पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, तपासून औषधे घ्यायची आणि गरज पडली की रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, घेऊन मान्यताप्राप्त रुग्णालयात पैसे न भरता उपचार घ्यायचे, अशी तिची साधी रीत आहे. सोलापुरात पॉलिक्लिनिक असल्यामुळे दर महिन्याच्या औषधांसाठी पुण्याला जावे लागत नाही, ही माढा, सांगोला, करमाळा अशा तालुक्यांतून येणाऱ्या कुटुंबांसाठीही मोठी सोय आहे. दादांना अपघातानंतर फिट येऊ लागल्या. फिटच्या औषधात एक दिवसाचाही खंड पडून चालत नाही, कारण गोळी अचानक बंद झाली तर दबलेली फिट अधिक जोराने उसळण्याचा धोका असतो. एकदा दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची गोळी आली तेव्हा ही माझी गोळीच नव्हे म्हणून दादांनी ती घ्यायचे नाकारले. त्या वेळी पॉलिक्लिनिकमधल्या औषध देणाऱ्या ताईंनी जुने रिकामे पाकीट आणि नवे पाकीट शेजारी ठेवून, दोन्हींवरचे औषधाचे नाव दादांकडून मोठ्याने वाचून घेतले आणि मगच ती गोळी त्यांच्या हातात दिली. ही युक्ती आम्ही आजही घरी वापरतो. कोणत्याही नियमपुस्तकात नसलेली ही माणुसकी मला नोंदवावीशी वाटते.

आणीबाणीच्या वेळची तरतूदही उपयोगाची आहे, आणि ती प्रत्येक कुटुंबाला तोंडपाठ असली पाहिजे. फिट थांबत नसेल तर यादीतले रुग्णालय शोधत बसायचे नाही. जवळच्या रुग्णालयात न्यायचे आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचे. आमच्यावर मध्यरात्री ती वेळ आली, दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही कळवले आणि पुढची कागदपत्रे रीतसर झाली.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट सांगतो, जी आम्हाला फार उशिरा कळली. फिटसाठी सर्रास दिले जाणारे लेव्हेटिरासिटाम काही रुग्णांमध्ये चिडचिड आणि राग वाढवते. मेंदूचा पुढचा भाग दुखावलेल्या माणसाचा स्वतःवरचा ताबा आधीच सैल झालेला असतो. त्यात ही भर पडली की घरातल्यांना वाटते माणूसच बदलला. वहिनींनी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटींमध्ये लाल पेनाने फिट आणि निळ्या पेनाने रागाचा झटका अशी नोंद ठेवली होती. पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी ती पाने उलटून पाहिली आणि नोंदी गोळीचा डोस वाढवल्यानंतरच्या आठवड्यांत दाटल्या आहेत हे त्यांच्या लगेच लक्षात आले. औषध हळूहळू बदलल्यावर घरातले वातावरण निवळले. ज्यांच्याकडे असा रुग्ण आहे त्यांनी अशी तारीखवार नोंद जरूर ठेवावी. पुढे बोर्डासमोरही ती उपयोगी पडते.

आता पेन्शनकडे वळतो. या विषयावर फौजी मंडळींमध्ये बरेच गैरसमज आहेत. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात, सेवेचा आणि अपंगत्वाचा. दादांना लागू असलेल्या नियमांनुसार १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो आणि टक्केवारी कमी असेल त्या प्रमाणात तो घटतो. बोर्डाने काढलेला आकडा वरच्या टप्प्यावर नेण्याची सोय आहे : ५० च्या खाली असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि ७६ ते १०० असेल तर १००. या लाभासाठी अनेकांना न्यायालयात जावे लागले आणि २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीचा कालावधी पूर्ण करून बाहेर पडलेल्यांनाही तो द्यावा असा निर्णय दिला. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना मात्र नवे नियम लागू आहेत, त्यामुळे जुन्या मित्राच्या पीपीओवरून, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरून, आपला हिशेब करू नये.

दुसरा प्रश्न म्हणजे इजा किंवा आजार सेवेमुळे झाला की नाही. अपघात ड्यूटीवर झाला, इंजुरी रिपोर्ट भरला गेला, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, झाली, तर मार्ग सरळ असतो. पण डोक्याला मार बसल्यानंतर फिट कधी कधी महिन्यांनी, वर्षांनी सुरू होतात, आणि तोपर्यंत जुना कागद फाइलमध्ये कुठे तरी दबलेला असतो. अशा सर्वांनी धरमवीर सिंह प्रकरणाचा २०१३ चा निकाल जपून ठेवावा. सिग्नल कोअरमधल्या या जवानाला फिट येतात म्हणून १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्वासह घरी पाठवले होते आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही असे सांगून पेन्शन नाकारली होती. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच धरले पाहिजे, आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची आहे आणि शंकेचा फायदा जवानाला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अपिलाच्या पायऱ्या संपल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आपल्यासाठी खुले आहे. अपंग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही सोलापुरातल्या फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून सैनिक मंडळांच्या ठिकाणी कायदेशीर मदत मिळावी असा तिचा हेतू आहे.

पेन्शनची रक्कम वेळेवर येते, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आकडा कसा काढला जातो याबद्दल. दादांच्या एका फेरतपासणीच्या बोर्डाला मी सोबत होतो. डॉक्टरांनी बोटे दाबायला सांगितली, नाकाला बोट लावायला सांगितले, एका रेषेत चालायला लावले, आजची तारीख, गावाचे नाव आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. दादा ताठ बसून, प्रत्येक उत्तराआधी ‘जी साहब’ म्हणत, सगळे बरोबर सांगत गेले. वीस वर्षांची शिस्त अंगात मुरलेला माणूस गणवेशातल्या अधिकाऱ्यासमोर सावधान होतोच, आणि ती काही मिनिटे त्याचा मेंदूही सारी ताकद एकवटून साथ देतो. बाहेर आल्यावर आपण कुठल्या दरवाजाने आलो हे त्यांना आठवेना, आणि गाडीत बसल्यावर ते थकून संध्याकाळपर्यंत झोपून राहिले. आत बसलेल्यांना हे दिसणे शक्यच नव्हते, आणि मला काही विचारले गेले नाही.

याउलट पुण्यातच रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी दादांना फक्त चहा करायला सांगितले होते. सगळे सामान ओट्यावर मांडलेले होते. दादांनी गॅस पेटवला, पाणी ठेवले, साखर घातली, मग बराच वेळ पातेल्याकडे बघत उभे राहिले. पुन्हा साखर घातली. दूध ओतले. चहाची पावडर समोरच होती, ती शेवटपर्यंत पडलीच नाही. आणि चहा कपात ओतून त्यांनी बाईंसमोर अदबीने ठेवला तेव्हा गॅस तसाच चालू होता. बाईंनी वहीत चार ओळी लिहिल्या : सुरुवात करता येते, टप्प्यांचा क्रम राखता येत नाही, झालेली चूक लक्षात येत नाही, गॅसजवळ एकटे सोडू नये. दादांच्या अपंगत्वाचे इतके खरे वर्णन मी कोणत्याही प्रमाणपत्रावर वाचलेले नाही. हात-पाय धडधाकट, बोलणे स्पष्ट, सीटी स्कॅनमधली सूज केव्हाच उतरलेली, आणि तरीही घरात एकटे ठेवता येत नाही असा हा माणूस टक्केवारीच्या रकान्यात नीट बसत नाही. बोर्डाने अशी एखादी प्रत्यक्ष कामाची चाचणी, स्मरणशक्ती, लक्ष आणि विचार यांची रीतसर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचे लेखी निवेदन सक्तीचे केले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

इथेच या सेवेतली मुख्य उणीव दिसते. पुण्याच्या लष्करी रुग्णालयात दादांवर झालेले उपचार अव्वल दर्जाचे होते. मेंदूला सूज असल्यामुळे कवटीचा एक तुकडा काढून तो पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवला होता आणि काही महिन्यांनी तो पुन्हा जागेवर बसवला. आज केस वाढल्यावर व्रणसुद्धा पटकन दिसत नाही. पुण्याला अपंग सैनिकांच्या सेवेची फार जुनी परंपरा आहे. हात-पाय गमावलेल्यांसाठी १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेल्यांसाठी खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, आणि अपंग जवानाला हाताला काम मिळवून देणारे शिक्षण क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून देत आली आहे. खडकीच्या केंद्रात व्हीलचेअरवरच्या जवानांना निवास, काम आणि खेळ हे सारे एकाच आवारात मिळते. मेंदूची इजा झालेल्यासाठी या तोडीचे निवासी केंद्र नाही. तो न्यूरोसर्जरीच्या वॉर्डातून डिस्चार्ज कार्ड घेऊन निघतो तो थेट घरच्या उंबरठ्यावर येतो.

हे का घडते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ईसीएचएस ही सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरपत्रकाने चालते, आणि ते दरपत्रक एक शस्त्रक्रिया, एक तपासणी, खाटेचा एक दिवस अशा मोजता येणाऱ्या वस्तूंचे आहे. मेंदूचे पुनर्वसन तसे मोजता येत नाही. त्यात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांना एकत्र बसून एकाच माणसासाठी, महिनोन्‌महिने, लहान लहान ध्येये ठरवावी लागतात : या महिन्यात स्वतः दाढी करणे, पुढच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून एकच वस्तू आणणे, त्यानंतर दोन. दादांना पुण्याच्या एका खासगी रुग्णालयात रेफर केले गेले, तेव्हा तिथे फिजिओथेरपी म्हणून त्यांचे हात-पाय हलवून घेतले जात, जे हात-पाय मुळात व्यवस्थित होते. स्मरणशक्ती, लक्ष आणि राग यांवर कोण काम करणार असे विचारल्यावर ते पॅकेजमध्ये नाही असे उत्तर मिळाले. ही त्या रुग्णालयाचीही चूक म्हणता येईल, पण ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम कोणी उभे करीत नाही, हा व्यवहार आहे.

इजेनंतरचे पहिले सहा महिने मेंदूच्या सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो आणि पुढची दीड-दोन वर्षेही सुधारणा होत राहते. सोलापूरच्या कुटुंबाची हीच महिने-वर्षे रेफरल, प्रवास आणि बोर्डाच्या तारखा यांत निघून जातात. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हे धडधाकट माणसाला रोजचे असेल. पण गर्दी, गोंगाट आणि फलाटावरची घोषणा सहन न होणाऱ्या माणसासाठी तो प्रवास म्हणजे पुढचे दोन दिवस वाया. थेरपी जर दर आठवड्याला द्यायची असेल, तर ती २५० किलोमीटरवर ठेवून चालणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत लक्ष आणि स्मरणशक्तीच्या प्रशिक्षणाचे उत्तम काम होते, आणि उद्यान एक्स्प्रेसने तिथे एका रात्रीत पोहोचता येते. ज्यांना शक्य असेल त्यांनी एकदा तिथली तपासणी करून घरी करायचा कार्यक्रम लिहून आणावा, असे मी सुचवीन. पण तो कार्यक्रम इथे रोज कोण राबवणार, हा प्रश्न उरतोच.

आमच्या घरी तो वहिनी राबवतात. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. त्या एका कारखान्यात मशीनवर होत्या आणि चांगले कमावत होत्या. दादा घरी आल्यावर त्यांनी ते काम सोडले. आज त्यांच्या दिवसाला सुटी नाही. दादांना औषध देणे हे त्यातले सोपे काम आहे. कठीण आहे ते सतत सावध राहणे. गॅसचा नॉब काढून ठेवायचा, गाडीची किल्ली लपवायची, रस्त्यात भेटलेल्या कोणाला दादांनी पैसे देण्याचा शब्द दिला तर मागाहून जाऊन समजावून सांगायचे, आणि मुलांवर अकारण ओरडले गेले तर मुलांना रात्री जवळ घेऊन हे बाबा बोलत नव्हते, त्यांची इजा बोलत होती, असे सांगायचे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत शोभेचे दारूकाम असते तेव्हा त्या दादांना घेऊन माहेरी, शेतातल्या वस्तीवर जातात. लग्न होऊन आल्यापासून कधी न चुकलेली ही गड्ड्याची यात्रा त्यांनी सोडली आहे, आणि त्याबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत.

या कामाची शासनदरबारी नोंद कशी आहे ते पाहावे. सतत सोबतीची गरज असलेल्या सैनिकाला अटेंडन्स भत्ता मिळतो, पण तो १०० टक्के अपंगत्व असेल आणि बोर्डाने गरज नोंदवली असेल तरच. जुलै २०१७ पासून त्याचा मूळ दर दरमहा ६,७५० रुपये झाला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की त्यात २५ टक्के वाढ होते. रक्कम थोडी आहे हा मुद्दा मी बाजूला ठेवतो. अडचण अशी आहे की कागदावर ५० किंवा ७५ टक्के लागलेल्या, पण एकटे सोडता न येणाऱ्या सैनिकाच्या कुटुंबाला या भत्त्यातला एक रुपयाही मिळत नाही. अमेरिकेत २०१० च्या एका कायद्याने सेवेत गंभीर जखमी झालेल्या माजी सैनिकाला घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला दरमहा मानधन, प्रशिक्षण आणि अधूनमधून विसावा देण्याची सोय केली, ज्यात मेंदूच्या इजेचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथल्या माजी सैनिक खात्याने एप्रिल २००७ पासून इराक आणि अफगाणिस्तानातून परतून उपचारासाठी आलेल्या प्रत्येक सैनिकाची मेंदूच्या इजेसाठी प्राथमिक चाचणी सुरू केली आणि रिचमंड, टॅम्पा, मिनियापोलिस, पालो आल्टो व सॅन अँटोनियो येथे खास पुनर्वसन केंद्रे चालवली. त्या देशाचा पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण सांभाळणाऱ्या बाईला रुग्णाइतकेच योजनेत धरणे याला पैशापेक्षा दृष्टी लागते, आणि ती आपल्याकडे का नसावी?

वहिनींना आधार मिळाला तो एका वेगळ्याच ठिकाणाहून. टेलिमानस ही १४४१६ क्रमांकावरची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष सुरू झाला. एका वाईट संध्याकाळी वहिनींनी फोन केला, मराठीत बोलणारी व्यक्ती मिळाली, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो दादांबद्दल नव्हता. तुम्ही आज जेवलात का, असा होता. त्या फोनने काही सुटले नाही, पण वहिनी त्या रात्री झोपल्या. सेवेचे मूल्यमापन करताना मी या फोनला पुष्कळ गुण देईन.

अपंगत्व प्रमाणपत्राविषयी थोडक्यात सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात डोक्याला मार बसून झालेल्या मेंदूच्या इजेचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करताना ‘डोक्याला मार’ एवढेच सांगून भागत नाही. बोलण्यातला दोष, मानसिक आजार, हालचालीतली अडचण, जे जे असेल त्याची वेगवेगळी तपासणी करून बहुविध अपंगत्वात नोंद मागावी. पेन्शनचे खाते पत्नीसोबत संयुक्त करून घ्यावे; पैशाच्या व्यवहारात सारासार विचार हरपलेल्या माणसासाठी हे सर्वांत सोपे संरक्षण आहे. दरवर्षीचा हयातीचा दाखला स्पर्श या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर वेळेत भरला गेला की नाही हेही घरातल्या दुसऱ्या कोणी तरी पाहिले पाहिजे, कारण ज्याचा दाखला आहे त्याच्या ते लक्षात राहणार नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या मंडळींनी आम्हाला कागदांच्या कामात मनापासून मदत केली. रेकॉर्ड ऑफिसला पाठवायच्या अर्जाची भाषा, सोबत लावायच्या प्रती, डिस्चार्ज बुकातली नावाची दुरुस्ती, या गोष्टी त्यांनी शांतपणे करून दिल्या. या कार्यालयांत कल्याण संघटक नावाचे पद असते आणि ते बहुधा माजी सैनिकच सांभाळतात. माझी सूचना अशी आहे, की जिल्ह्यात मेंदूची इजा झालेल्या माजी सैनिकांची वेगळी यादी करून या संघटकांनी ठरावीक काळाने त्यांच्या घरी जावे. कार्यालयात येऊन टेबलासमोर नीट बोलणारा माणूस घरी कसा असतो, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला सोलापूरकर शाळा, बँका, कचेऱ्यांतून निधी देतात. त्यातला काही भाग सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या प्रशिक्षणावर खर्च झाला तर देणाऱ्यालाही समाधान वाटेल.

आणखी एक मागणी मला संबंधित खात्याकडे आग्रहाने करायची आहे. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी न्यूरॉलॉजिस्ट आहेत, फिजिओथेरपीचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. पुण्याहून ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट यांचे एक पथक महिन्यातून दोन दिवस पॉलिक्लिनिकमध्ये आले, त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी घरी करायचा कार्यक्रम लिहून दिला आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर पाठपुरावा केला, तर नवी इमारत न बांधताही हे काम उभे राहू शकते. धाराशिव आणि लातूरकडच्या कुटुंबांनाही त्याचा लाभ होईल.

ज्यांच्या घरी असा अपघात नुकताच झाला आहे त्यांनी डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : इजा मेंदूच्या कोणत्या भागाला आहे, शुद्धीचा ग्लासगो स्कोअर दाखल होताना किती होता, आणि पुढे कोणत्या थेरपीची शिफारस आहे. हा स्कोअर ३ ते १५ असतो आणि ८ किंवा त्याहून कमी असेल तर इजा गंभीर मानतात. वर्षांनंतरच्या बोर्डात माणूस कितीही ठीक दिसला तरी हा आकडा बदलत नाही. थेरपीची शिफारस कागदावर असेल तर तिच्यासाठी रेफरल मागता येतो, तोंडी सांगितलेली असेल तर मागता येत नाही. इंजुरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या प्रती युनिटकडून त्याच महिन्यात मागवाव्यात, कारण नंतर युनिटची बदली होते आणि पत्रव्यवहार लांबतो. आणि फेरतपासणीच्या बोर्डाला जाताना रुग्णासोबत त्याला रोज सांभाळणाऱ्या व्यक्तीनेच जावे, आपले निवेदन एका पानात लिहून न्यावे आणि ते फाइलला जोडून त्याची पोच घ्यावी. पुढच्या बोर्डाला दादांसोबत वहिनी जाणार आहेत आणि निवेदन लिहिण्याचे काम त्यांनी सुरूही केले आहे.